प्रश्न क्रमांक सात

सर्वेक्षणाचा कागद आला तेव्हा
मी सेंट्रिफ्यूजचं झाकण लावत होते.
दोन पानं, वीस प्रश्न, पेन त्यांचंच.
"नाव लिहू नका," ती मुलगी म्हणाली, "मोकळेपणानं भरा."

पिवळ्या पिशवीत काय, लाल पिशवीत काय,
निळ्या खोक्यात कुठली काच,
अठ्ठेचाळीस तासांवर का ठेवायचं नाही.
सगळं येतं मला.
भिंतीवर तक्ता आहे.
परळच्या दमट हवेनं त्यातला पिवळा आणि पांढरा
आता एकच झालाय,
पण मला पाठ आहे.

तडवी शेजारी बसून माझं बघून लिहीत होता.
"सातव्याला काय टाकलंस?"

सातवा: वापरलेल्या सुईला तुम्ही पुन्हा टोपण लावता का?
नेहमी. कधीकधी. कधीच नाही.

लहू खरटमलला कागद मिळाला नाही.
तो कंत्राटदाराचा माणूस,
प्रयोगशाळा कर्मचारी या व्याख्येत बसत नाही.
तसा तो कुठेच बसत नाही.
चार मजले, एक ढकलगाडी, तिचं एक चाक रुसलेलं.
पिशवी उचलायच्या आधी
गाठीशी धरून हलकेच हलवतो, कान देतो,
नारळ घेताना देतात तसा.
"हिच्यात टोकदार हाय, मॅडम,"
म्हणतो आणि पिशवी तिथंच ठेवतो.
कधी चुकला नाही.
एकदा चुकला.

म्हणजे मी चुकले.
त्या रात्री एकशे चाळीस नमुने होते
आणि पांढरा डबा पाऊण भरलेला.
पाऊण भरला की बंद करायचा, हेही पाठ.
नवा डबा स्टोअरमध्ये,
स्टोअरची किल्ली लोखंडे सरांच्या खिशात,
लोखंडे सर बदलापुरात झोपलेले.
मी टोपण लावलं आणि सुई टाकली
लाल पिशवीत, खोल,
नळ्यांच्या खाली, दिसू नये अशी.
टोपणं निघतात.

सकाळी तो आला.
हातमोज्याचं एक बोट कापून टाकलेलं.
चहाच्या कागदी कपात सुई ठेवून
कप माझ्या टेबलावर ठेवला,
उपरा पाहुणा बसवावा तसा, जपून.
कुणी टाकली, हे विचारलं नाही.
विचारलं, "रगत कुणाचं हुतं?"

एकशे चाळीस नळ्या, एकशे चाळीस नंबर.
मी रजिस्टर उघडलं, बंद केलं.

मग गोळ्या, अठ्ठावीस दिवस.
मग तपासण्या.
सहा आठवड्यांनी त्याच्या दंडाला पट्टा मीच बांधला.
"नस चांगली आहे," म्हटलं,
सगळ्यांना म्हणते तसं.
तीन महिन्यांनी म्हणाला,
घरी पेला वेगळा केलाय,
बायकोला सांगितलंय, सर्दी हाय.
तीन महिन्यांची सर्दी.
ती माउली काय समजायचं ते समजली असेल.

मी कुणालाच सांगितलं नाही. तडवीलाही नाही.
नोंदवहीत लिहिलंय: "हाताळताना निष्काळजीपणा,
संबंधित कामगारास समज दिली."
समज.
त्याला दिली.

आज सहा महिने झाले.
सेंट्रिफ्यूजमध्ये फिरतेय ती नळी त्याचीच आहे,
समतोलासाठी समोर पाण्याची.
रक्त घेऊन झाल्यावर
मी सुई उघडीच पांढऱ्या डब्यात सोडली.
टक्.
लहू दंडावर कापूस दाबून दारापाशी पोचला होता.
थांबला. मान तिरकी केली.
"आता बरोबर पडली," म्हणाला
आणि गाडी घेऊन गेला, ते चाक रडवत.

सातव्यापुढे मी "कधीकधी"वर खूण केली.
ती मुलगी कागद चाळताना अडखळली.
"ताई, इथे सगळ्यांनी 'कधीच नाही' केलंय."

तडवीनं माझ्याकडे पाहिलं,
मग आपल्या कागदाकडे.
"माझा जरा परत द्या," म्हणाला.

यंत्राचा आवाज उतरत चालला होता.
पूर्ण थांबल्याशिवाय झाकण उघडायचं नसतं.
हेही मला येतं.